इशारा दिला म्हणजे काय केलं?

२० जुलै २०२३ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास महाराष्ट्रातल्या असंख्य मोबाइलनी एकाएकी कर्कश सूर लावला. खिशातले फोन थरथरू लागले आणि पडद्यावर इशाऱ्याची चौकट उमटली, आधी इंग्रजीत आणि थोड्या वेळाने मराठीत. माणसं दचकली. वाचल्यावर कळलं की ही दूरसंचार विभागाची चाचणी आहे, आपत्ती आली तर असा संदेश येईल, आत्ता काही करायचं नाही.

त्याच वेळी रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात माणसं चिखलात माणसांना शोधत होती. आदल्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती. ही ठाकरांची वाडी, आणि वर जायला गाडीरस्ता नाही. जेसीबी चढवता येईना, म्हणून फावडी, कुदळी आणि हात यांनीच उपसा चालला होता. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, हे विधानसभेत सरकारनेच सांगितलं.

चाचणीचा आणि दरडीचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी एकाच सकाळी शेजारी उभ्या राहिलेल्या या दोन गोष्टींनी एक जुना प्रश्न पुन्हा समोर आणला. ज्याला संकट आधी कळतं, किंवा प्रयत्न केला तर कळू शकतं, त्याचं कर्तव्य नेमकं कुठे संपतं? संदेश पाठवला तिथे, तो ऐकणाऱ्याच्या कानी पडला तिथे, की ऐकणारा सुखरूप जागी पोचला तिथे? वरवर हा आपत्ती व्यवस्थापनाचा प्रश्न दिसतो. मुळात तो धर्माचा आहे, कारण एक माणूस दुसऱ्याचं काय देणं लागतो याचा तो हिशेब आहे.

बायबलच्या जुन्या करारात यहेज्केल या संदेष्ट्याला पहारेकऱ्याची उपमा दिली आहे. शत्रूची तलवार येताना दिसली आणि पहारेकऱ्याने शिंग फुंकलं नाही, तर मेलेल्यांचं रक्त त्याच्या माथी. त्याने फुंकलं आणि ऐकणाऱ्याने दुर्लक्ष केलं, तर ज्याचं त्याच्या माथी. यातला पहिला अर्धा भाग फार मोठा आहे. ठाऊक असून गप्प बसणं ही हत्याच, असं तो म्हणतो. जगभरच्या कार्यालयांनी मात्र दुसरा अर्धा भाग उचलला. पूर ओसरला की पत्रकार परिषदेत पहिलं वाक्य येतं, ‘इशारा दिला होता.’ शिंग फुंकलं होतं, पुढचं ज्याचं तो जाणे. पण तो उतारा नीट वाचला तर दोष फक्त ऐकून दुर्लक्ष करणाऱ्याला दिलेला आहे. ज्याला शिंग ऐकूच आलं नाही त्याचं काय, याबद्दल तिथे अवाक्षर नाही. इर्शाळवाडी त्या मोकळ्या जागेत बसते.

भारतात हीच पळवाट गीतेच्या आधाराने काढली जाते. कर्म केलं, फळ आपल्या हाती नाही. पण इशारा पोचणं हे फळ की कर्माचाच भाग? लोकांनी ऐकून जागा सोडली की नाही, ते सोडून वाचले की नाही, याला फळ म्हणता येईल. इशारा त्यांच्यापर्यंत जाणं हे मात्र कर्मातच मोडतं. पत्र पेटीत टाकलं की टपाल खात्याचं काम झालं, असं कोणी म्हणत नाही.

या गाठीवर धर्मशास्त्रातला एक भेद उपयोगी पडतो. शास्त्रकारांनी याग आणि दान वेगळे मानले आहेत. यागात देवतेला उद्देशून द्रव्याचा त्याग केला की कर्त्याचं काम झालं, पावती कोणी मागत नाही. दानात आपलं स्वामित्व सोडायचं असतं आणि दुसऱ्याचं निर्माण करायचं असतं, त्यामुळे घेणाऱ्याच्या स्वीकाराशिवाय ते पुरं होत नाही. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा विचार विस्ताराने मांडला आहे. मराठीत इशारा ‘देतात’. भाषेने आधीच कौल दिला आहे की हे दानाच्या जातीचं काम आहे. आणि दान म्हटलं की देश, काल, पात्र आलंच. कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी, कोणाला. वेळ चुकली तर काय होतं, ते स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया प्रांताने २९ ऑक्टोबर २०२४ ला पाहिलं. मोबाइलवर इशारा आला तो रात्री आठ वाजून गेल्यावर. तोवर अनेक गावांच्या रस्त्यांतून पाणी धावत होतं. त्या पुरात स्पेनमध्ये २२० हून जास्त माणसं गेली.

महाभारतातला सगळ्यांत नेमका इशारा विदुराचा. पांडव वारणावताला निघाले तेव्हा तो युधिष्ठिराशी इतरांना न कळणाऱ्या बोलीत बोलला. वणव्यातून बिळात राहणारा प्राणी वाचतो, अंधारात नक्षत्रं दिशा दाखवतात, अशा अर्थाची सूचक वाक्यं. युधिष्ठिराला ती कळली. विदुर एवढ्यावर थांबला नाही. त्याने मागाहून एक खनक, म्हणजे भुयार खोदणारा कारागीर, पाठवला. लाखेच्या घरातून बाहेर निघणारं भुयार तयार झालं आणि दुर्योधनाचा माणूस पुरोचन कोणत्या रात्री घर पेटवणार हेही खनकाने आणलेल्या निरोपातून कळलं. इशाऱ्याच्या योजनेत जे जे असावं ते सगळं इथे आहे. वेळेआधी सांगितलं, ऐकणाऱ्याला कळेल असं सांगितलं, बाहेर पडायची वाट करून दिली, आणि दिवा नसताना कसं चालायचं तेही शिकवलं.

आणि तरी त्या रात्री लाक्षागृहात सहा माणसं जळाली. कुंतीने घातलेल्या जेवणाला आलेली एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे मद्य पिऊन तिथेच झोपले होते. भीमाने घर पेटवलं आणि पांडव भुयारातून निघून गेले. सकाळी लोकांनी सहा देह पाहिले आणि पांडव मेले असं धरलं. विदुराला या बाईची काही माहिती नव्हती, हे खरं. पण पांडवांना ती घरात असल्याचं दिसत होतं. इशारा ज्यांच्यासाठी होता त्यांना तो पोचला. ज्यांची गणतीच नव्हती त्यांना कोणी हलवून उठवलंसुद्धा नाही. कथा पुढे निघून जाते, निषादीचं नावही सांगत नाही. इशाऱ्याच्या कोणत्याही आराखड्याची परीक्षा या बाईपाशी होते.

आजची निषादी कोण, याची उत्तरं ठाऊक आहेत. बांगलादेशात २९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं मेली, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूपच जास्त होतं. धोक्याची खबर बाजारात, चहाच्या टपरीवर, पुरुषांकडून पुरुषांकडे गेली. बायका घरात मुलांपाशी होत्या. नवरा आल्याशिवाय घर सोडायचं कसं, निवाऱ्यात परक्या पुरुषांत रात्र काढायची कशी, या विचारात पाणी आलं. तिथल्या चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रमाने पुढे यातून धडा घेतला. आज त्याच्या सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या बायका आहेत. हातभोंगे आणि निशाणं घेऊन त्या घराच्या आतल्या दारापर्यंत जातात, जिथे पुरुष स्वयंसेवक जाऊ शकत नाही.

भाषेचं कुंपणही असतंच. ‘धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू’ ही ओळ दर पावसाळ्यात छापून येते. क्युसेक म्हणजे आपल्या गोठ्यात किती पाणी, हे नदीकाठच्या माणसाला कोण सांगणार? सांगलीकराला मात्र आयर्विन पुलाचे फूट कळतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि अमुक फुटाला आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी, हे त्याला पाठ असतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ फूट तसेच तोंडपाठ असतात. ही मोजपट्टी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरवली आहे. इशारा तिच्या भाषेत दिला तर तो स्वीकारला जातो.

इथे श्रद्धेचा प्रश्न येतो. देवाच्या मनात असेल ते होईल असं मानणाऱ्या समाजाला इशाऱ्याचा उपयोग काय, असा आक्षेप सुशिक्षितांकडून नेहमी येतो. तो वरवरचा आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीला जाऊन पाहावं. पुराचं पाणी दत्तमंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान करायला माणसं लांबून येतात. पाणी आणखी चढलं की पुजारी उत्सवमूर्ती उचलून वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते. पुराला प्रसाद मानणारी श्रद्धा आणि वेळेत उंच जागी हलायचं शहाणपण ही एकाच देवळात, एकाच माणसांच्या हातून चालतात. देवाला हलवण्यात त्यांना अश्रद्धा वाटत नाही. ‘देव हलले, आता आपणही हलू’ हा निरोप त्या परिसरात कोणत्याही परिपत्रकापेक्षा लवकर पटेल.

घातक ठरते ती दुसरी समजूत, आपत्ती म्हणजे पापाची शिक्षा. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाचं ईश्वरी शासन म्हटलं. हेतू अस्पृश्यता घालवण्याचा होता. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींच्याच बाजूचे, तरी त्यांनी जाहीर हरकत घेतली, आणि गांधीजींनी ती आपल्या ‘हरिजन’मध्ये छापली. रवींद्रनाथांचं म्हणणंच बरोबर होतं. ढिगाऱ्याखाली बहुतेक गरीब आणि दुबळे सापडतात. संकटाला शिक्षा म्हटलं की मेलेला माणूस गुन्हेगार ठरतो, आणि गुन्हेगाराला आगाऊ सूचना द्यायचं देणं कोणाकडेच राहत नाही.

खोट्या ठरलेल्या इशाऱ्याचं काय करायचं, हा सगळ्यांत अवघड भाग. यावर सर्वांत खोल चिंतन योना संदेष्ट्याच्या गोष्टीत आहे. ज्यू लोक ती योम किप्पूरच्या दिवशी वाचतात, आणि रायगडच्या किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे बेने इस्रायलही त्यांत आले. चाळीस दिवसांत निनवे नगर नष्ट होईल, असं योना ओरडून सांगतो. राजापासून सगळे उपास धरतात, वागणं बदलतात. देव अरिष्ट आवरतं घेतो. शहर वाचतं आणि योना रागावतो, कारण त्याचा शब्द खोटा पडला. ही गोष्ट विचारते, तुला शब्द खरा व्हायला हवा होता की शहर वाचायला?

ओडिशाने याचं उत्तर प्रत्यक्षात दिलं. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १० हजार माणसं मेली होती. २०१९ च्या मे महिन्यात फनी वादळ पुरीला धडकलं तेव्हा सुमारे १२ लाख लोक आधीच हलवलेले होते आणि मृतांचा आकडा ६४ वर थांबला. दरम्यानच्या वीस वर्षांत किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले गेले, भुवनेश्वरहून वाजवता येणारे १२२ भोंग्यांचे मनोरे उभे राहिले, गावोगावी तरुण शिकवून तयार केले गेले. एवढं करूनही हलवलेल्या कित्येकांच्या घरांना काही झालेलं नसतं. ते घरी परततात, मजुरी बुडालेली असते, शेळी हरवलेली असते, आणि मनात येतं, उगाच गेलो. पुढच्या वेळी ते जाणार नाहीत. न घडलेल्या संकटाची किंमत सर्वांत गरीब माणूस भरतो, ही या व्यवस्थेतली खरी खोट.

जपानमध्ये १८५४ साली हिरोमुरा या किनारी गावात हामागुची गोर्यो नावाच्या सोयासॉसच्या व्यापाऱ्याने त्सुनामी येताना काय केलं, ते आजही शाळेत सांगतात. रात्र पडलेली, लोक पाण्यात आणि अंधारात वाट चुकलेले. त्याने शेतातल्या पेंढ्याच्या गंजी पेटवल्या, आणि त्या उजेडाच्या रोखाने माणसं टेकडीवर चढली. पुढे त्याने पदरच्या पैशाने लोकांना मजुरी देऊन किनाऱ्यावर बांध घातला, म्हणजे गाव उठून जाणार नाही. १९४६ च्या त्सुनामीत तो बांध गावाच्या कामी आला. इशारा देणाऱ्याने आधी स्वतःचं काही जाळलं, म्हणून त्याच्यावर विश्वास बसला. महाराष्ट्रात ज्या दिवशी प्रशासन माणसांना हलवतं त्या दिवसाची मजुरी आणि जनावरांचा चारा प्रशासनानेच द्यायला हवा, वादळ आलं तरी आणि वळून गेलं तरी. तो खर्च दुसऱ्या इशाऱ्याची पत राखतो.

आता अंधाराकडे वळू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. इशारा वेळेत मिळाला, हजारो लोक आधी हलवले गेले आणि जीवितहानी थोडी झाली. इथपर्यंत यंत्रणेला दाद द्यायला हवी. पण वादळ काही तासांत गेलं, काळोख राहिला. नारळी-पोफळीच्या वाड्यांसोबत विजेचे हजारो खांब झोपले होते. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीकडच्या अनेक गावांना वीज परत यायला आठवडेच्या आठवडे लागले. मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपल्या आणि फोनही मुके झाले. वर करोनाची टाळेबंदी. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. मुंबई-पुण्यात असलेल्या मुलांना गावी आई-वडील जिवंत आहेत की नाहीत, एवढंही कळेना.

अशा वेळी इशारा या शब्दाचा अर्थच बदलतो. एकदा ओरडून भागत नाही. रोज सांगावं लागतं की पाण्याचा टँकर कधी, इन्सुलिन थंड कुठे मिळेल, प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या म्हाताऱ्याला कुठे न्यायचं, तारा जोडत जोडत वायरमन कोणत्या गावापर्यंत पोचले. प्वेर्तो रिकोत २०१७ च्या मारिया वादळानंतर काही घरांत वीज यायला जवळजवळ वर्ष गेलं. वादळाच्या दिवशीचे मृत्यू थोडे होते, पण नंतरच्या महिन्यांतले जमेस धरल्यावर सरकारला मृतांचा आकडा २,९७५ मान्य करावा लागला. ही माणसं पाण्यात बुडाली नाहीत, ती बंद यंत्रांपाशी आणि बंद रस्त्यांवर गेली.

इशाऱ्याची सगळी नवी साधनं विजेवर उभी आहेत आणि संकट पहिला घाव विजेवर घालतं. हवाई बेटांवर मुख्यतः त्सुनामीसाठी वापरले जाणारे भोंगे आहेत, दर महिन्याला ते वाजवून पाहतात. ८ ऑगस्ट २०२३ ला माउई बेटावरचं लहाइना गाव जळत असताना त्यातला एकही वाजला नाही. भोंगा ऐकला की लोक सवयीने डोंगराकडे पळतील आणि आग तिकडूनच येते आहे, असं अधिकाऱ्याचं म्हणणं होतं. मोबाइलवर संदेश सोडले होते, पण वीज सकाळपासून गेलेली आणि फोनचं जाळं कोसळलेलं. शंभराहून जास्त लोक मेले. एकच आवाज अनेक संकटांना वापरायचा असेल, तर तो ऐकल्यावर काय करायचं हे लोकांना आधी ठाऊक हवं. ते ठाऊक करून देणं हाही दानाचाच भाग.

वीज नव्हती तेव्हा मराठी मुलखात दवंडी होती. ती पिटणारा, वेशीवर रात्रीचा पहारा देणारा, सरकारी सांगावा आणि मयताची खबर घेऊन गावोगाव पायी जाणारा कोण होता, हे विसरून दवंडीचं कौतुक करता येत नाही. ही कामं महार वतनात मोडत होती. गावाला जागं ठेवायची जबाबदारी गावाने ज्यांच्यावर टाकली, त्यांनाच वेशीबाहेर ठेवलं आणि मोबदल्यात भाकरीचे तुकडे दिले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात याविरुद्ध विधेयक मांडलं. कायद्याने ही वतनं जायला १९५९ साल उजाडलं. निषादीला कोणी उठवलं नाही, इथे उठवणाऱ्यालाच घराबाहेर ठेवलं. आजही शेवटच्या घरापर्यंत निरोप नेणारी आशाताई, कोतवाल, कंत्राटी वायरमन हीच माणसं व्यवस्थेत सर्वांत कमी पैशावर राबतात. त्यांना नियमित वेतन, पावसाळी बूट, बॅटरी आणि विमा देणं हा इशारा यंत्रणेवरचा पहिला खर्च असायला हवा. मनोरे त्यानंतर.

करायच्या गोष्टी फार महागड्या नाहीत. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली, आणि ते गाव जागेवर नाही हे बाहेर कळलं नेहमीच्या फेरीला गेलेल्या एसटी चालकामुळे. रोज तिथे जाणारा माणूस होता, म्हणून कळलं. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव येथे देवळावरचा भोंगा संध्याकाळी सातला वाजतो आणि घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होऊन मुलं अभ्यासाला बसतात. भोंग्याचा अर्थ अख्ख्या गावाने मिळून ठरवता येतो, हे त्या गावाने दाखवलं आहे. तोच भोंगा सौर बॅटरीवर चालला, पुराचा आणि दरडीचा सूर वेगळा ठरला, तर विजेवाचून काम होईल.

१ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या तोंडावर येते. यंदा तिथे एक ठराव मांडावा. फोनची रेंज न पोचणारी घरं, एकट्या राहणाऱ्या बाया, ऐकू न येणारे, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेली परभाषी कुटुंबं, औषध थंड ठेवावं लागणारे रुग्ण, यांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीआड न ठेवता पोलीस पाटलाच्या आणि आशाताईच्या हाती असावी. वीज गेल्यावर रोज कोणत्या वेळी, कोणत्या पारावर माहिती सांगितली जाईल ते ठरावं. शाळेच्या किल्लीची एक प्रत शाळेजवळच्या घरात ठेवावी. आणि वाडीतल्या शेवटच्या घराचं दार रात्री कोणी ठोठावायचं, त्या दोघांची नावं त्याच दिवशी इतिवृत्तात लिहून घ्यावीत.